नावनचे बिनपगारी कारकून

आयर्लंडमधल्या आमच्या नावनच्या घराच्या दाराला मधोमध टपालासाठी पत्र्याची झडप आहे. पोस्टमन साधारण साडेअकराला येतो, झडप खट्‌कन वाजते आणि पत्रं आतल्या पायपुसण्यावर पडतात. एका वर्षी आठ-नऊ महिने असे गेले की तो आवाज झाला की मी जागच्या जागी थबकायचे. कांदा चिरत असले तर सुरी तशीच हातात राहायची. पिझ्झाची जाहिरात निघाली तर जीव भांड्यात पडायचा. सरकारी पाकीट असलं तर ते न फोडता प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, साबुदाण्याच्या डब्यामागे सरकवून द्यायचे. मी जात्याच भित्री आहे. पण त्या वर्षी घाबरायला खरंखुरं कारण होतं, आणि ते मीच माझ्या हातानं करून ठेवलं होतं.

ते वर्ष आठवलं की आधी काका आठवतात. काका म्हणजे आमच्यापासून तीन दारं सोडून राहणाऱ्या वैशालीचे वडील. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून आले, आणि कोविडमुळे विमानं बंद पडली. दोन महिन्यांचा मुक्काम दोन वर्षांवर गेला. काकू आधीच गेल्या होत्या, त्यामुळे परत जायची घाई करणारंही कुणी नव्हतं. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी कर-कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते रिटायर झाले होते. रिटायर झाल्याचं कचेरीला माहीत होतं, काकांना नव्हतं.

सायकल चालवताना लोक घालतात ते जावयाचं चमकणारं पिवळं जाकीट काकांना फार आवडलं होतं. त्याला सहा खिसे होते. डोक्याला माकडटोपी, अंगात ते जाकीट आणि हातात वही, अशा थाटात ते सकाळी वसाहतीतून फेरी मारायचे. समोरच्या घरातल्या आयरिश आजींना वाटलं, हा सरकारी माणूस. त्यांनी काकांना थांबवून फुटपाथची एक फरशी हलते म्हणून तक्रार केली. काकांनी ‘मी तो नव्हे’ असं मुळीच सांगितलं नाही. फरशीची लांबी-रुंदी लिहून घेतली, केव्हापासून हलते ते विचारलं, आणि शेवटी म्हणाले, “एनी प्रीव्हियस करस्पाँडन्स, मॅडम?” त्यांचं इंग्रजी असंच, सगळं फायलीतलं. मग योग्य त्या कचेरीला दोन पानी पत्र गेलं. महिन्याभरात माणसं येऊन फरशी बसवून गेली. आजी मला म्हणाल्या, “युअर मॅन इज ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत ‘हा माणूस झकास’. “ एवढं नीट ऐकून घेणारा अधिकारी मी जन्मात पाहिला नाही.” ते अधिकारी नाहीत, पाहुणे आहेत, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर वसाहतीतली माणसं आपापले कागद घेऊन वैशालीकडे येऊ लागली. वैशाली वैतागायची. “बाबा, हे आयर्लंड आहे, इथे तुमची कचेरी नाहीये!” काका ऐकून घ्यायचे आणि येणाऱ्याला खुर्ची द्यायचे. रस्त्यात भेटले तरी ‘कसं काय’ नाही, ‘बरं आहे का’ नाही. एकच प्रश्न: “काय म्हनते कागद?” माणूस म्हटला की त्याच्यामागे कुठला तरी कागद लागलेला असणारच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. पाकीट फोडण्याआधी साबणानं हात धुवायचे, पंच्यानं कोरडे करायचे. उभ्यानं पाकीट फोडणं त्यांना अजिबात खपत नसे. म्हणायचे, “उभ्यानं फोडलेला कागद मानूस अर्धा वाचते अन् पूर्न घाबरते.” मग पत्र तीनदा वाचायचं: एकदा भरभर, एकदा ओळीखाली बोट धरून, एकदा मोठ्यानं. मग कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची फाईल करायची, बुटाच्या नाडीनं बांधायची, आणि डाव्या बाजूला टिपणी लिहायची. विषय, पार्श्वभूमी, नियम काय म्हणतो, आणि सगळ्यात खाली ‘निर्णयार्थ सादर’. एवढं झालं की फाईल समोरच्याकडे फिरवायची आणि आपण खिडकीबाहेर बघत बसायचं. काय करा, हे ते कुणालाच कधी सांगत नसत. “मी कारकून. कारकून फक्त सादर करते. सही साहेबाची.” साहेब म्हणजे कोण, तर पार्किंगच्या दंडाची नोटीस हातात धरून बसलेला एखादा पोलिश ड्रायव्हर. त्यालाही ते फाईल दोन्ही हातांनी द्यायचे.

मी हसायचे. माझा स्वतःचा कागद मात्र मी त्यांना कितीतरी महिने दाखवला नाही.

झालं होतं असं. मी गावातल्या एका पाळणाघरात सकाळची नोकरी करायचे. कोविडमध्ये पाळणाघर बंद पडलं आणि मला सरकारचा बेकारी भत्ता सुरू झाला. पुण्याला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “काम न करता पैसे? आपल्याकडे असं कुणी घेतलं नव्हतं हो.” तेव्हापासून त्या भत्त्याची मला लाज वाटायला लागली, भिकेची वाटावी तशी. सुरुवातीला तो पूर्ण हातात यायचा, कर कापला जात नव्हता; यावर करच नाही, असंच सगळे म्हणत. मग ठरलं की तो उत्पन्नात धरायचा आणि त्यावरचा कर पुढे थोडा थोडा वळता करून घ्यायचा. त्यासाठी वर्ष संपल्यावर रिटर्न भरायचं.

आमचं दोघांचं रिटर्न एकत्र असतं, निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण घरातले असले फॉर्म मीच भरते. पासवर्डची वही माझ्या ताब्यात. जानेवारीत फॉर्म उघडला तर माझ्या रकान्यात भत्त्याची ओळ आधीच भरून आलेली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होता की डंडॉकच्या कुणा बाईंनी भत्ता घेतल्याचं दिसलं म्हणून त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज नाकारला. त्या डंडॉकच्या बाईंना आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण आम्हाला पाच वर्षं पूर्ण होत होती, अर्जाचे कोरे फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडले होते, आणि आमची लेक इरा शाळेत जाऊन आयरिश गाणी शिकून येत होती. मी त्या ओळीतला आकडा खोडला, शून्य टाकलं आणि पुढे गेले. शेवटी एक चौकोन होता: वरील माहिती खरी आहे. मी तिथे खूण केली. ती खूण निखिलच्या नावाखाली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोनेक महिन्यांनी वैशाली बोलता बोलता सहज म्हणाली की त्या भत्त्याचा नागरिकत्वाशी काडीचा संबंध नाही, तिच्या ऑफिसातल्या दोघींनी घेतला होता, दोघींना पासपोर्ट मिळाले. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. म्हणजे जी गोष्ट लपवायची गरजच नव्हती, ती लपवण्यासाठी मी खोटं लिहिलं होतं; आणि ते खोटं मात्र नक्कीच नडू शकत होतं. तोवर निखिलनं कराचे कागद जोडून नागरिकत्वाचा अर्ज पोस्टात टाकलासुद्धा होता.

तेव्हापासून भीती माझ्याबरोबर राहायलाच आली. गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी वसाहतीत शिरली की मी पडदा ओढायचे. निखिल फोनवर “हो, हो, समजलं” असं म्हणाला तरी मी दाराआडून कान देऊन ऐकायचे. बँकेतून मेसेज आला तर तो न वाचताच पुसून टाकायचे. हे सगळं त्याला सांगायचं मनात यायचं, आणि लगेच त्याचा चेहरा दिसायचा: पाच वर्षं एक दिवस रजा न घेता राबलेला माणूस, आणि त्याच्या नावावर मी ठेवलेलं हे खोटं. एकदा इरानं मला प्रेसजवळ पकडलं. “आई, व्हाय आर यू ऑलवेज हायडिंग द पोस्ट?” मी म्हटलं, “काही नाही गं, जाहिराती आहेत.” तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी माझ्या आईकडे कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्याच पोरीची भीती वाटली.

नोव्हेंबरातली दुपार होती. निखिल कामाला डब्लिनला गेला होता. काका आमचं वैशालीकडे राहिलेलं भांडं परत द्यायला आले होते. पोस्टमनला त्या दिवशी उशीर झाला होता; मी चहा ओतत असताना झडप वाजली आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला. काकांनी फडकं उचललं, ओटा पुसला आणि मगच विचारलं, “काहून दचकली?”

मी उरलेला चहा कपात ओतत राहिले. ते वळले आणि सिंकवर हात धुवायला लागले. ते पाहिलं मात्र, मला रडूच फुटलं. आलेलं टपाल दारातच सोडून साबुदाण्याच्या डब्यामागची चारही पाकिटं मी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

काकांनी खुर्चीत बसून एकेक पाकीट फोडलं. कचऱ्याचं नवं वेळापत्रक, टीव्हीच्या लायसन्सची आठवण, घराच्या कराचं साधं पत्र, आणि दवाखान्याचं काहीतरी. ज्यांच्या भीतीनं मी रात्र रात्र जागले होते, ती पत्रं ही असली. पण मला हलकं वाटलं नाही. खरं पत्र अजून यायचं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, शून्यापर्यंत.

काकांनी चष्मा काढला. “थांब. ती ओळ आधीच भरून आलती म्हनते?”

“हो.”

“म्हंजे ज्यानं तुले आकडा दाखवला, त्याच्यापासूनच आकडा लपवला?”

इतक्या महिन्यांत ही गोष्ट एकदाही माझ्या लक्षात आली नव्हती.  म्हणजे इथल्या कर-कचेरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “मग ते काही विचारत का नाहीत, काका?”

“कागदाले घाई नसते, पोरी,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून मी जास्तच घाबरले.

फाईल तयार झाली. मी नियम छापून दिले, काकांनी ते तीनदा वाचले. भरलेलं रिटर्न चार वर्षांच्या आत आपलं आपण सुधारता येतं, त्याच खात्यात जाऊन, हे तिथे स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी विचारायच्या आत आपण सांगितलं तर बरं, हेही होतं. काकांनी टिपणी लिहिली. खाली ‘निर्णयार्थ सादर’ लिहिलं. आणि त्याखाली नाव घातलं: श्री. निखिल.

“नाही काका,” मी म्हटलं. “पासवर्ड माझ्याकडे आहे. पाच मिनिटांचं काम आहे. शून्याच्या जागी आकडा टाकायचा, झालं. त्याला कशाला कळायला हवं?”

“कागद त्याच्या नावावर हाय.”

“मीच भरला होता ना!”

“सही त्याच्या नावाची. अर्ज त्याचा हाय. साहेब तो हाय.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “त्याले न सांगता करायचं असन तर कर. मंग ही फाईल माही नाही.”

माझा तोल गेला. “तुम्हाला काय जातंय सांगायला! तुम्ही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलात. घाबरून टेबलासमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं?”

वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले. काका बराच वेळ त्या पुठ्ठ्याची नाडी बांधत आणि सोडत राहिले.

“आमच्या गावात एक कापडवाला होता,” ते म्हणाले. “खरेदीची एक पावती त्याच्या हिशेबात राहून गेली. कोनी पकडलं नव्हतं. तो आपला आपन आला, हात जोडून, सुधारलेला कागद घेऊन. म्या म्हटलं, ठेवून जाय, साहेबाले दाखवतो. साहेबानं त्याच हप्त्यात सही केली. मामला बंद. त्याले एक कागद द्यायचा होता फक्त, की बाबा, झालं तुहं काम. तो कागद म्या देल्ला नाही.”

“विसरलात?”

“नाही. पयले आठ दिवस विसरलो. मंग बाजारात गेलो त मले पाहून तो गादीवरून उठून उभा राहिला. गिऱ्हाईकांसमोर. मले, एका कारकुनाले! तसं माह्यासाठी कोनी उठलं नव्हतं. मले ते बरं वाटलं.” ते थांबले. “सहा वर्सं उठत होता तो. जीप दिसली की दुकानाची फळी लावे. पोरीचं लगन दूरच्या गावी जाऊन केलं, चोरावानी, धाड पडन म्हनून. अन् त्याची बंद फाईल माह्या कपाटात होती.”

मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. “मग?”

“मंग तो गेला. तेरवीले गेलतो मी. त्याच्या पोरानं हात जोडून मले इचारलं, बाबांच्या त्या फायलीचं आता काय होईन? म्या सांगतलं, ते त सहा वर्सांपूर्वीच मिटलं.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या पोरानं मले एक शब्द म्हटला नाही. पानी आनून देल्लं प्यायले.”

बाहेर वारा सुटला होता, कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटत होतं. काका उठले, माकडटोपी घातली. दारात म्हणाले, “टेबलाच्या पलीकडे बसलो म्हनून सांगतो. भेव वाईट नाही. एकानं जानायचं अन् दुसऱ्यानं भ्यायचं, हे वाईट.”

निखिल संध्याकाळी घरी आला. इरा कॅमोगीच्या, म्हणजे मुलींच्या हॉकीसारख्या इथल्या खेळाच्या, प्रॅक्टिसला गेली होती, तिला आणायला अजून तासभर होता. मी ती कॉर्नफ्लेक्सची फाईल त्याच्यापुढे ठेवली.  प्रस्तावना म्हणून ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. तो वाचायला लागला. मी त्याच्या कपाळाकडे बघत उभी होते. पहिलं पान संपायच्या आत त्यानं फाईल मिटली.

“मला माहितीये,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. “काय माहितीये?”

“शून्य. फेब्रुवारीत बघितलं. अर्जाला जोडायचे कागद काढताना.”

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल… मी बोटांवर महिने मोजले. “बोलला का नाहीस?”

“वाटलं, तू सांगशील. थांबलो. मग अर्जाची तारीख आली, तसाच पाठवला. आणि मग मलाच भीती वाटायला लागली गं. तुला विचारलं तर ते खरं होईल असं वाटायचं. नाही विचारलं तर कदाचित जाईल निघून.”

“मी पाकिटं लपवत होते ते बघत होतास?”

“हो.”

“रात्री उठून बसत होते ते?”

त्यानं होकारार्थी मान हलवली. माझी आठ महिन्यांची भीती क्षणात उतरली आणि तिच्या जागी संताप आला. चूक माझी होती, खोटं माझं होतं, सगळं कबूल. पण एका घरात, एका पलंगावर, हा माणूस मला भिताना बघत पडून होता. मी एवढंच म्हटलं, “लॅपटॉप आण.”

त्यानं आणला. आम्ही खात्यात गेलो, त्या वर्षाचं रिटर्न उघडलं, शून्य खोडून खरा आकडा घातला. शेवटच्या चौकोनावर तो म्हणाला, “तू दाब.” मी म्हटलं, “नाव तुझं आहे.” त्यानं दाबलं. ‘तुमचा बदल मिळाला’ अशा अर्थाची एक ओळ आली, बस. नागरिकत्वाच्या कचेरीलाही आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा पाठवला, प्रतीसकट. मग काही दिवसांनी कराचा नवा हिशेब आला. कुणी ओरडलं नाही, कुणी दारात आलं नाही.

निखिलला आधीच सगळं माहीत होतं, हे मी काकांना सांगितलं. ते नुसतं “हं” म्हणाले. वसंतात ते परत गेले. पिवळं जाकीट वैशालीनं त्यांना नेऊ दिलं नाही, म्हणून दोन दिवस रुसले होते.

नागरिकत्वाचं पत्र त्यांच्या मागून बऱ्याच महिन्यांनी आलं. मी बसून फोडलं, तीनदा वाचलं आणि गावी काकांना फोन लावला. आवाज फार खोल गेला होता, पण प्रश्न तोच, कागद काय म्हणतो. मी सांगितलं, मंजूर. “बेस झालं,” ते म्हणाले, आणि लगेच फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.

“नवऱ्याले माफ केलं काय?” त्यांनी विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? म्हातारा माणूस, दूर बसलेला. पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. “अजून पूर्ण नाही, काका,” मी म्हटलं. “कधी कधी आठवतं, आणि मग त्याच्याकडे बघवत नाही.”



“पन करशीन ना?” काका म्हणाले. “लवकर कर, पोरी. तो वाट पाहून राहिला असन.”